हिवाळ्याची आगोट

(मंडळाच्या कोजागरी पौर्णिमेच्या स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला या व्यासपीठावर उभे केले याबद्दल प्रथम आभार मानतो, आणि लगोलग क्षमाही मागून ठेवतो. मी अभियंता नाही, वास्तुविशारद नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला आणि उभी हयात फायलींच्या सहवासात घालविलेला केंद्र सरकारचा एक नोकर आहे. ‘हिवाळ्यापूर्वी घराची सिद्धता’ या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की सिमल्याच्या थंडीत एखाद्या नवख्या मराठी माणसाला ज्या चुका करता येणे शक्य आहे, त्यांपैकी बहुतेक मी स्वतः करून पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही हसण्यावारी नेण्यासारख्या आहेत. एक मात्र तशी नाही, आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच मी हे भाषण पत्करले. यंदा बदलीवर आलेली काही तरुण कुटुंबे मला समोर दिसत आहेत. त्यांचा हा इथला पहिलाच हिवाळा.

माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक घोंगडी जास्त. पण घराची सिद्धता म्हणजे काय, हे आम्हा कोकणातल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. वैशाखाचे ऊन तापू लागले, की घराघरांत आगोटीची धांदल सुरू होई. कौले परतायची, फुटकी काढून नवी बसवायची, पडवीच्या कडेला नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचा, फोडलेली लाकडे कोरड्या जागी रचायची, मीठ, मिरच्या, कुळीथ, कोकमे, सुकी मासळी यांची बेगमी करायची. मृगाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी हे सारे झालेच पाहिजे, असा माझ्या आईचा दंडक होता. ती म्हणे, “पाऊस दारात आल्यावर कौलावर चढतो तो आळशी.”

१९९६ साली मी प्रथम बदलीवर सिमल्याला आलो, तेव्हा हे सारे माहीत असूनही मी त्या आळशांच्या पंक्तीत बसलो. याचे कारण सोपे होते. आगोट पावसाची असते तशी ती हिवाळ्याचीही असते, हे माझ्या ध्यानीच आले नाही. आज जे सांगणार आहे ते म्हणजे ही हिवाळ्याची आगोट.

या शहराचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८६४ साली सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाली. उन्हाळा संपला, थंडीची चाहूल लागली, की सरकार आपली दप्तरे बांधून खाली कलकत्त्याला, पुढे दिल्लीला उतरत असे. म्हणजे ज्या जुन्या बंगल्यांत आपल्यापैकी कित्येकांची निवासस्थाने आहेत, ते बंगले बांधणाऱ्यांच्या मनात मुख्यतः उन्हाळा होता. हिवाळा इथे राहणाऱ्या पहाडी माणसाच्या वाट्याला ठेवलेला होता. त्या माणसाने तो कसा निभावला, हे पाहिले तर निम्मे ज्ञान आपोआप होते.

जुन्या घरांच्या भिंती पाहा. देवदाराच्या लाकडाची चौकट, तिच्यात तिरप्या पट्ट्या, मधल्या खणांत दगड आणि माती. याला इथे धज्जी म्हणतात. लाकूड आणि माती ही दोन्ही उष्णतेची मंद वाहक, त्यामुळे अशा भिंती खोलीतली ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. आता उभ्या राहिलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती दिसायला देखण्या असल्या, तरी पातळ भिंती आणि सपाट छत यांमुळे जानेवारीत त्या आतून थंडगार पडतात. आपले घर यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे प्रथम ओळखावे. धज्जीच्या घराचा शत्रू म्हणजे फटी, आणि काँक्रीटच्या घराचा शत्रू म्हणजे गारठलेली भिंत. पहिल्याला फटी बुजविण्याचे काम अधिक. दुसऱ्याला जाड पडदे, जमिनीवर सतरंजीखाली नमदा किंवा जाड कांबळे, आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ओढून घेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

कामाला प्रारंभ छपरापासून करावा. दसरा ते दिवाळी हा त्याचा मुहूर्त. पत्र्याच्या उतरत्या छपरावरील खिळे सैल झालेले असतात, वॉशर कुजलेले असतात, आणि दोन उतार जिथे मिळतात त्या पन्हळीत देवदाराच्या सुयांसारख्या पानांचा थर साठलेला असतो. पाऊस पडला तर पाणी वाहून जाते. बर्फ मात्र बसून राहते, दिवसा थोडे वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि ते वितळलेले पाणी पन्हळ तुंबलेली असल्यास मागे सरकून पत्र्याखाली शिरते. म्हणून पन्हळी साफ करून घ्याव्यात. आपल्याकडे पावसात वळचणीच्या पागोळ्या गळतात. इथे त्याच पागोळ्या गोठून काचेच्या भाल्यांसारख्या लोंबतात. त्या सुंदर दिसतात हे मान्य, पण त्यांच्याखाली आणि साचलेले बर्फ घसरून पडेल अशा उताराखाली मुलांना उभे करून छायाचित्रे काढू नयेत.

दुसरे काम नळांचे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले. मीही वाचले होते. पण ते ज्ञान परीक्षेच्या उपयोगाचे असते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच जानेवारीत एका सकाळी नळाला पाणी आले नाही. मी शांतपणे कार्यालयात निघून गेलो. दुपारी ऊन पडले, नळातले बर्फ वितळले, आणि संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो पुस्तकांचे कपाट, गाद्या आणि गणपतीच्या तसबिरी यांना अभिषेक चाललेला. नळ रात्री फुटला होता, पण जोवर बर्फ होते तोवर त्यानेच बुचाचे काम केले. तात्पर्य असे, की नळ गोठतो त्या वेळी नुकसान दिसत नाही, तो वितळतो तेव्हा दिसते. म्हणून सकाळी पाणी आले नाही की प्रथम मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, आणि मगच घर सोडावे.

उपाय कठीण नाही. भिंतीबाहेरून गेलेल्या नळांना, विशेषतः उत्तरेच्या सावलीतल्या नळांना, जुने बारदान किंवा लोकरी चिंध्या घट्ट गुंडाळून वर प्लास्टिक बांधावे. कारण बारदान भिजले तर त्याचा उपयोग उलटा होतो. बाजारात मिळणारी फोमची नळी बसविली तर अधिक चांगले. कडक थंडीच्या रात्री एक नळ धाग्याएवढी धार ठेवून सोडावा. गावाला जाणार असाल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडावेत आणि नळीतले पाणी काढून टाकावे. गोठलेला नळ सोडविण्यासाठी पेटता बोळा वापरणारे महाभाग मी पाहिले आहेत. लाकडी घरात याहून मोठा अविचार नाही. नळाची तोटी उघडी ठेवावी, गरम पाण्यात पिळलेली फडकी तोटीच्या बाजूकडून मागे मागे लावीत जावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. आणि नळ गोठलेला असताना गिझर सुरू करू नये.

तिसरे काम सूर्याचे स्वागत. इथे २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर असतो. जूनमध्ये हाच कोन ८२ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे जी दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात वळचणीच्या सावलीत असते, तिच्यातूनच हिवाळ्यात ऊन खोलीत खोलवर शिरते. ही देवाची फुकटची शेगडी आहे. दक्षिणेच्या खिडकीसमोरचे कपाट हलवावे, काचा स्वच्छ पुसाव्यात, दिवसा पडदे सारून ठेवावेत, आणि सूर्य डोंगराआड जाताच ते ओढून घ्यावेत. अंथरुणे त्या उन्हात टाकावीत. आपल्या आज्यांच्या हातच्या गोधड्या इथे आणल्या असतील तर त्यांना खरा मान सिमल्यातच मिळेल.

स्वयंपाकघराविषयी मी बोलणे हे धार्ष्ट्य होईल. तथापि आमच्या सौ. ने शिकवलेले दोन धडे सांगतो. विरजण लावलेले पातेले शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले तरच दही लागते, आणि इडलीचे पीठ आंबविण्याची घाई करणाऱ्याने उपाशी राहण्याची तयारी ठेवावी. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च बाटलीऐवजी रुंद तोंडाच्या बरणीत ते ठेवलेले बरे. बर्फ पडले की रस्ता एक-दोन दिवस बंद होऊ शकतो, दूध येत नाही, वीज जाते. म्हणून पोहे, मेतकूट, भाजणी, दूध पावडर, मेणबत्त्या, विजेरी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची रोजची औषधे निदान आठवड्याची घरात असावीत. आगोट ती हीच. मिठाची मात्र अधिक तरतूद ठेवावी, कारण पायऱ्यांवर मूठभर मीठ किंवा राख पसरली तर हाडे शाबूत राहतात.

विजेच्या शेगडीबद्दल एक सावधानतेचा शब्द. २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढते. जुन्या घरातल्या दिव्यापंख्यांच्या ५ अँपिअरच्या जोडणीवर ती लावली, तर भिंतीतली तार तापते, आणि भिंत लाकडाची आहे हे विसरू नये. लोखंडी बुखारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी दिवाळीपूर्वी तिचे धुराडे काजळी खरवडून साफ करून घ्यावे, आणि ते जिथे लाकडी भिंतीतून बाहेर पडते तिथे पत्र्याचा कडा शाबूत आहे ना, हे पाहावे.

आता फटींविषयी, आणि ज्या चुकीचा मी आरंभी उल्लेख केला तिच्याविषयी.

नळाने धडा शिकविल्यामुळे दुसऱ्या वर्षी मी सावध झालो होतो. १९९७ च्या डिसेंबरात माझी आई बर्फ पाहायला म्हणून गावाहून येणार होती. तिला थंडी बाधू नये, यासाठी मी महिनाभर आधी कामाला लागलो. खिडक्यांच्या काचांना पुट्टी भरली, चौकटींना लोकरी पट्ट्या चिकटविल्या, दाराच्या उंबऱ्याशी वाळू भरलेला कापडी लोड ठेवला. एवढ्याने माझे समाधान झाले नाही. छताशी एक लहानसा झरोका होता. इथे त्याला रोशनदान म्हणतात. त्यातून वारा येई. मी स्टुलावर चढलो, वर्तमानपत्राचे थर खळीने चिकटवून तो बुजविला, आणि वर कागदाची पांढरी पट्टी लावून असा बेमालूम केला, की तिथे झरोका होता हे कोणाला कळूही नये. त्या कामाचा मला फार अभिमान वाटला. आईला खोली दाखवताना मी म्हणालो, “बघ, वाऱ्याला शिरायला बोटभर जागा ठेवली नाही.”

जानेवारीत बर्फ पडले. आईने लहान मुलीसारखे ते ओंजळीत घेतले. त्या रात्री वीज गेली. माझी पाच वर्षांची मुलगी आजीच्या कुशीत झोपे. तिचे हात गार लागतात म्हणून आईने अंगणातली कोळशाची शेगडी आत आणली. कोळसे लालबुंद फुललेले होते, धुराचा मागमूस नव्हता. धूर नाही म्हणजे भीती नाही, हे आमच्या घरातले शहाणपण. पण आमचे कोकणातले घर कौलांचे होते, आणि त्याच्या प्रत्येक कौलाखालून घर श्वास घेत होते. तिच्या साऱ्या जन्मात शेगडीने कोणाला इजा केलेली तिने पाहिली नव्हती.

मी आणि सौ. पलीकडच्या खोलीत होतो. पहाटे शेजारच्या वृद्ध अम्माजी दूध गरम करायला आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह मागायला आल्या. दार मी उघडले. त्या आत आल्या, आईच्या खोलीचे बंद दार आणि उंबऱ्याशी पडलेल्या कोळशाच्या चुऱ्या त्यांनी पाहिल्या, आणि मला काही न विचारता ते दार ढकलून खिडकीकडे धावल्या. खिडकी माझ्या पट्ट्यांमुळे उघडेना. त्यांनी हातातल्या पातेल्याने काच फोडली.

आई आणि मुलगी दोघीही निपचित पडल्या होत्या. आम्ही त्यांना उचलून बाहेर बर्फात, मोकळ्या हवेत आणले. एका खानाने, म्हणजे आपण ज्यांना रोज ओझी वाहताना पाहतो त्या काश्मिरी हमालांपैकी एकाने, आईला पाठीवर घेऊन बर्फातून रस्त्यापर्यंत नेले. रुग्णालयात प्राणवायू दिला. मुलगी दुपारी शुद्धीवर आली. आईला पूर्ण भानावर यायला दुसरा दिवस उजाडला. देवाच्या कृपेने दोघी वाचल्या.

कारण डॉक्टरांनी समजावले. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपेत असलेल्या माणसाला यांपैकी काहीच कळत नाही. बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर हेच करू शकतो. दरवर्षी थंडीच्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानातून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो.

घरी परतल्यावर अम्माजींनी छताकडे पाहत एवढेच विचारले, “रोशनदान किसने बंद किया?” मी उत्तर दिले नाही. आई पलंगावर होती, तिला हिंदी कळत नव्हते.

बंधुभगिनींनो, या प्रसंगानंतर माझी आई चौदा वर्षे जगली. २०११ साली ती गेली. त्या चौदा वर्षांत तिने गावी ज्याला त्याला सांगितले, “माझ्या वेडेपणामुळे नात जायची होती.” तिने पुन्हा कधी नातीला कुशीत घेऊन झोपविले नाही. म्हणे, “मला नको, माझ्या हाताला यश नाही.” शेगडी आत आणणे ही चूक होती हे खरे. पण झरोका मी बुजविला होता, हे तिला मी कधी सांगितले नाही. अनेकदा ओठांवर आले, आणि पुढच्या सुट्टीत सांगू म्हणून राहून गेले. तिच्या मनावरचे निम्मे ओझे माझे होते, आणि ते उतरवून घ्यायला एक वाक्य पुरे होते. ते वाक्य मी आज तुमच्यासमोर बोललो. जिच्यासमोर बोलायचे होते ती आता नाही.

म्हणून घर थंडीसाठी सिद्ध करताना माझी एवढी विनंती ऐका. खिडक्यांच्या फटी खुशाल बुजवा, पण झरोका बुजवू नका. त्यातून येणारा गारवा हा घराचा श्वास आहे. खोलीत बुखारी असो की हीटर, एक खिडकी बोटभर उघडी राहू द्या. हवा खेळती राहिली तर भिंतींना ओल आणि बुरशीही धरत नाही. कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत कोणत्याही सबबीवर आणू नका. शेकायचे असेल तर पडवीत शेका, आणि निजण्यापूर्वी ती बाहेर ठेवा. आता या वायूची सूचना देणारी लहान यंत्रेही मिळतात. ज्यांच्या घरी कोळसा, लाकूड वा गॅस जळतो, त्यांनी ते अवश्य बसवावे. थंडीत एकाच घरातल्या दोघांतिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर चहा करीत बसू नका. दारे उघडा, बाहेर पडा, आणि दवाखाना गाठा.

आणखी एक. गावाहून आईवडील हिवाळ्यात येणार असतील, तर त्यांना घर दाखवताना शेगडीची गोष्टही सांगा. ते आपल्या अनुभवाने वागतात, आणि त्यांचा अनुभव कौलारू घरांतला असतो. त्यांना न सांगणे ही चूक त्यांची नव्हे, आपली.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. बर्फ पडलेल्या सकाळी आपल्या पायऱ्या झाडून झाल्या, की शेजारच्या दारावर एकदा थाप मारावी, विशेषतः जिथे एकटेदुकटे वृद्ध राहतात तिथे. अम्माजी त्या पहाटे स्टोव्ह मागायला आल्या नसत्या, तर आज हे भाषण झाले नसते. घरापासून हजार कोसांवर आपण हे मंडळ चालविले आणि त्याने पन्नास वर्षे पूर्ण केली. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू हे सारे आपण केले, करू. पण एकमेकांच्या दारावर थाप मारण्याची सवय आपल्यात राहिली, तर मला वाटते, तेच मंडळाचे मोठे कार्य होय.

माझी ती मुलगी आज स्वतः आई आहे. या दिवाळीत ती लेकीला घेऊन इथे येत आहे. झरोक्याची जाळी मी काल पुसून ठेवली.